तळ्याला हवा देणाऱ्या तबकडीची बैठक

आपली माणसे नोकरीधंद्यासाठी, संस्थानी सेवेसाठी किंवा व्यापारासाठी जिथे जिथे जाऊन स्थायिक झाली, तिथे तिथे एखाद्या तळ्याशी त्यांचा संबंध आलाच. बेळगावचा कपिलेश्वर तलाव, बडोद्याच्या मध्यभागी असलेला सूरसागर, गोव्यात मंगेशीच्या देवळापुढली तळी, हैदराबादेतील सोळाव्या शतकातला हुसेनसागर, ही नावे आपणां सर्वांस परिचित आहेत. याशिवाय देवस्थानांच्या, धर्मशाळांच्या व ट्रस्टांच्या व्यवस्थेत असलेली लहानमोठी कुंडे व पुष्करिणी किती तरी. अशा पाण्याची निगा हा आज अनेक विश्वस्त मंडळांपुढील खरा प्रश्न आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा उत्सवानंतर एखाद्या पहाटे मासे पाण्याच्या पृष्ठभागी येऊन तोंडे उघडीत असलेले दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी काठावर मेलेल्या माशांचा थर लागतो. मग वर्गणी जमते, हवेचा पंप येतो, नारळ फुटतो. परंतु सहा महिन्यांनी पहावे तर पंप चालू असून बुडबुडे मात्र भलतीकडे निघत आहेत, किंवा मुळीच निघत नाहीत, अशी अवस्था पुष्कळदा आढळते.

याचे कारण बहुधा पंपात नसते. ते पाण्याखाली, दृष्टीआड असलेल्या एका साध्या वस्तूत असते. ती वस्तू म्हणजे हवा सोडणारी तबकडी जिच्यावर बसवितात ती वजनदार बैठक. ही बैठक किती वजनाची असावी, कोणत्या आकाराची असावी आणि ती कशी घडवावी, याचा विचार या पाठात करावयाचा आहे. यात अवघड असे काही नाही. शाळेत शिकलेले आर्किमिडीजचे तत्त्व आणि थोडे त्रैराशिक एवढ्या सामग्रीवर हे काम होण्याजोगे आहे.

१. पाण्यातील प्राणवायू

मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. हा साठा फार तुटपुंजा असतो. २० अंश सेल्सिअस उष्णतामानाच्या एका लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी ३० अंशांपर्यंत तापले म्हणजे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. म्हणजे माशांची गरज उन्हाळ्यात वाढते आणि पाण्याची पेटी मात्र तेव्हाच लहान होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मासे व इतर जलचर यांच्यासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम, आणि उघड्यावरील स्नानाच्या पाण्यासाठी किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा असे ठरविले आहे. यावरून मर्यादा किती अरुंद आहे ते ध्यानात येईल.

दिवसा सूर्यप्रकाशात शेवाळ व पाणवनस्पती प्राणवायू तयार करतात. रात्री त्या स्वतःच तो वापरतात. म्हणून तळ्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, सूर्योदयापूर्वी. मासे मरावयाचे ते याच वेळी मरतात. संध्याकाळी सर्व ठीक होते आणि सकाळी अनर्थ झाला, यात गूढ असे काही नाही.

दुसरी गोष्ट अशी, की तापलेले पाणी हलके असल्यामुळे वर राहते व थंड पाणी खाली बसते. वारा नसेल तर हे दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत. खालच्या थरात पालापाचोळा कुजत राहतो, तेथील प्राणवायू संपतो आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू साठू लागतो.

२. तबकडी काय करते?

काठावरील पंपातून नळीने हवा खाली नेतात व तळाजवळ ठेवलेल्या तबकडीतून ती बारीक बुडबुड्यांच्या रूपाने सोडतात. या तबकडीस बाजारात डिफ्यूझर म्हणतात. ती सच्छिद्र दगडासारख्या पदार्थाची असते, किंवा बारीक चिरा पाडलेल्या रबरी पडद्याची असते. अशीच हवा सोडण्याची पद्धत मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी वापरली व १९१४ साली तिचे निष्कर्ष जाहीर केले. तेव्हापासून आजतागायत जगभर ती रूढ आहे.

तळ्यात हे बुडबुडे दोन कामे करतात. वर येता येता त्यांतील थोडा प्राणवायू पाण्यात विरघळतो. परंतु याहून मोठे काम असे, की ते आपल्याबरोबर तळाचे पाणी वर ओढून आणतात. ते पाणी पृष्ठभागावर पसरते, उघड्या हवेशी त्याचा संबंध येतो आणि तेथे ते प्राणवायू घेते. साध्या भाषेत बोलावयाचे तर बुडबुडे हे तळ्यातले रहाट आहेत.

बुडबुड्याला ३ मीटर वर यावयास साधारणतः दहाबारा सेकंद लागतात. तबकडी सुटून एक मीटरवर तरंगत राहिली तर हा प्रवास तीनचार सेकंदांत संपतो आणि तिच्या खालचे पाणी जागचे हलत नाही. पंप तोच, विजेचे बिल तेच, पण लाभ मात्र नाममात्र. उलटपक्षी तबकडी गाळात रुतली तर तिची छिद्रे बुजतात, आणि जी हवा निघते ती गाळ ढवळून पाणी अधिकच बिघडविते. म्हणून तबकडी वरही येता कामा नये आणि खालीही रुतता कामा नये. या दोन्ही गोष्टी बैठकीवर अवलंबून आहेत.

३. हवेतील वजन व पाण्यातील वजन

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सिरॅक्यूज येथे होऊन गेलेल्या आर्किमिडीजचे तत्त्व असे, की पदार्थ द्रवात बुडविला असता त्याने बाजूस सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके त्याचे वजन घटते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. तेव्हा जो पदार्थ जितके लिटर पाणी बाजूस सारील, तितके किलो त्याचे वजन पाण्यात कमी भरेल.

आता बाजारात १० किलो वजनाच्या निरनिराळ्या वस्तू घेतल्या, तर पाण्यात त्यांचे किती वजन उरेल ते पाहू. लोखंडाचे सुमारे ८ किलो ७०० ग्रॅम उरते. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाचे, म्हणजे बेसाल्टचे, साडेसहा किलो. काँक्रीटचे ५ किलो ८०० ग्रॅम. भाजलेल्या विटेचे साडेचार किलोच्या आत. बेळगाव, कोकण व गोवा या भागांत सहज मिळणारा जांभा दगड सच्छिद्र व तुलनेने हलका असल्यामुळे या कामी काळ्या दगडाची बरोबरी करू शकत नाही.

वाळूचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. १० किलो कोरडी वाळू प्लॅस्टिकच्या डब्यात भरून झाकण हवाबंद केले, तर कणांमधील पोकळीत हवा राहते. असा डबा सव्वासहा लिटर पाणी बाजूस सारतो आणि पाण्यात त्याचे वजन अवघे पावणेचार किलो उरते. त्याच डब्याला चार छिद्रे पाडून आत पाणी शिरू दिले, की उरणारे वजन सव्वासहा किलो होते. वाळू तीच, डबा तोच, परंतु छिद्रांमुळे जवळजवळ अडीच किलोंचा फरक पडला. घाईने सीलबंद केलेले डबे तळ्यात का टिकत नाहीत, याचे उत्तर यातच आहे. पोत्यात भरलेली वाळू चालते, परंतु पोते कुजून फाटते व वाळू निसटते.

घरातील मुलांना हे दाखवावयाचे असल्यास पाट्यावरील वरवंटा दोरीने बांधून ताणकाट्यास अडकवावा, वजन करावे, आणि मग तो बादलीतील पाण्यात पूर्ण बुडेल पण तळास टेकणार नाही असा धरावा. वरवंटा काळ्या दगडाचा आणि ३ किलोंचा असेल, तर काटा दोन किलोंच्या जरासा खाली येऊन थांबेल. पुस्तकातले दहा वेळा पाठ केलेले वाक्य या एका प्रयोगाने कायमचे समजते.

४. नळीसुद्धा वर ओढते

तबकडीचा विचार करताना नळीचा विचार राहून जातो. नळीत हवा भरलेली असल्यामुळे ती पाण्यात तरंगू पाहते. समजा, बाहेरून १६ मिलिमीटर व आतून १२ मिलिमीटर व्यासाची पॉलिथिनची नळी आहे. एक मीटर नळी २०१ ग्रॅम पाणी बाजूस सारते आणि तिचे स्वतःचे वजन सुमारे ८३ ग्रॅम असते. म्हणजे प्रत्येक मीटरमागे ११८ ग्रॅमची ओढ वरच्या दिशेने राहते. तळाशी २० मीटर नळी असेल, तर एकूण ओढ जवळजवळ २ किलो ३५० ग्रॅम झाली.

ही सगळी ओढ बैठकीवर टाकणे योग्य नव्हे. नळीचा मधला भाग कमानीसारखा वर उचलला जातो, नावेला किंवा पोहणाऱ्याच्या पायाला अडकतो आणि बैठकीला हिसके देत राहतो. म्हणून नळीवरच दर मीटरला पाव किलोचा काळा दगड पक्का बांधावा. पाव किलो दगडाचे पाण्यात सुमारे १६४ ग्रॅम वजन उरते. ते ११८ ग्रॅमपेक्षा पुरेसे जास्त असल्याने नळी निमूटपणे तळाला पडून राहते. कोळी लोक जाळ्याच्या खालच्या काठास शिशाच्या गोळ्या ओवतात, त्यातलीच ही युक्ती. मुळातच जड असलेली नळीही बाजारात मिळते. ती घेतल्यास दगडांची गरज पडत नाही, पण किंमत अधिक पडते.

५. बैठक किती वजनाची असावी?

येथे अंदाजाने काम करू नये, प्रत्यक्ष माप घ्यावे. तबकडी, तिची चौकट व तिला जोडलेला नळीचा तुकडा ही सगळी जोडणी पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात ठेवावी व पंप सुरू करावा. जोडणीखाली एक जाळीची पिशवी बांधून तिच्यात एकेक दगड टाकीत जावे. जोडणी नुकतीच बुडू लागली, की थांबावे. मग ती दगडांची पिशवी पाण्यात बुडवूनच ताणकाट्यावर तोलावी. जो आकडा येईल तीच त्या जोडणीची वरची ओढ. हवा चालू असतानाच माप घ्यावे, कारण हवा भरल्यावर रबरी पडदा फुगतो व ओढ वाढते.

समजा, ही ओढ दीड किलो भरली. तळापासून तबकडीपर्यंत वर चढणाऱ्या नळीसाठी आणखी पाव किलो धरू. एकूण पावणेदोन किलो झाले. नेमके एवढेच वजन ठेवले तर जोडणी अधांतरी राहील आणि जरा धक्का लागताच सरकेल. म्हणून तिप्पट घ्यावे. पावणेदोनची तिप्पट सव्वापाच किलो. हे पाण्यातील वजन होय. काँक्रीटचे पाण्यात शेकडा ५८ भाग वजन उरते, म्हणून सव्वापाच किलो उरावयास काठावर ९ किलो काँक्रीट हवे. सोयीसाठी १० किलो धरू.

कोणी म्हणेल, मग ५० किलोंचीच बैठक का करू नये? कारण ती पुन्हा वर काढावयाची असते. तबकडी वर्षातून एकदा तरी बाहेर काढून स्वच्छ करावी लागते. दोन माणसांना काठावरून किंवा नावेतून निर्धोकपणे ओढता येणार नाही अशी बैठक केली, तर शेवटी कोणी तरी पाण्यात उडी घेतो. गढूळ पाणी, पायाखाली गाळ आणि हाताशी दोर व नळ्या, यापेक्षा धोकादायक जागा दुसरी नाही. बैठक अशी असावी की तिच्यासाठी कोणालाही पाण्यात उतरावे लागू नये. हा नियम मी सर्वांत महत्त्वाचा मानतो.

६. आकार रुंद का हवा?

वजन ठरले, आता आकार. १० किलोंचा काळा दगड ठोकळ्यासारखा घेतला, तर त्याची बाजू सुमारे १५ सेंटिमीटर भरते. तबकडीची ओढ वजा जाता तो गाळावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २१ ग्रॅम भार देतो. त्याऐवजी १० किलो काँक्रीट ३५ सेंटिमीटर व्यासाच्या परातीएवढे पसरून ओतले, तर जाडी सव्वाचार सेंटिमीटर येते आणि भार दर चौरस सेंटिमीटरला केवळ ४ ग्रॅमच्या आसपास राहतो. म्हणजे ठोकळा पाचपट जोराने गाळात घुसतो. चिखलात शिडी लावताना तिच्या पायाखाली फळी ठेवतात, तेच तत्त्व येथे लागू आहे.

रुंदीचा दुसरा उपयोग म्हणजे बैठक कलंडत नाही. तबकडी सपाट राहणे अत्यावश्यक आहे. ती एका बाजूस झुकली, तर सर्व हवा उंच बाजूने निघून जाते आणि उरलेला भाग निरुपयोगी होतो. एका चौकटीवर दोन तबकड्या असतील, तर थोडा तिरपेपणासुद्धा एकीला उपाशी ठेवतो. वजन खाली व हलका भाग वर, अशी रचना असली म्हणजे दोरीने सोडतानाही जोडणी आपोआप सरळ राहते.

तबकडी बैठकीपासून १५ ते ३० सेंटिमीटर उंच असावी, म्हणजे तळाचा गाळ बुडबुड्यांबरोबर उचलला जात नाही. गाळ किती खोल आहे ते आधी पहावे. एका बांबूच्या टोकास रुंद फळकूट ठोकून तो सोडावा. तो जेथे टेकेल ती गाळाची वरची पातळी. दुसरा नुसता बांबू दाबून पहावा. तो जेथे अडेल तो पक्का तळ. दोहोंतील अंतर म्हणजे गाळाची जाडी. ती फार असेल, तर आधी गाळ काढणे हाच उपाय.

दगडाला भोक पाडून त्याला पाण्यात वजन म्हणून वापरण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. गोव्यात दोनापावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना द्वारकेजवळ समुद्राच्या तळाशी भोके पाडलेले दगडी नांगर मोठ्या संख्येने सापडले आहेत. परंतु नांगराने रुतावयाचे असते आणि आपल्या बैठकीने रुतावयाचे नसते. म्हणून नांगराला टोके असतात, बैठकीला नसावीत.

७. बैठक घडविण्याची रीत

साचा म्हणून ३५ सेंटिमीटर तळाचे प्लॅस्टिकचे घमेले घ्यावे व आतून तेलाचा हात फिरवावा. १ भाग सिमेंट, २ भाग स्वच्छ वाळू व ४ भाग बारीक खडी हे मिश्रण पुरेसे आहे. पाणी बेताचे घालावे. पातळ काला सोपा पडतो, पण तो कमजोर ठरतो. निम्मे मिश्रण ओतून त्यावर कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसली तारेची जाळी कापून ठेवावी आणि वर उरलेले मिश्रण घालावे. जाळीची टोके बाहेर राहू देऊ नयेत, नाहीतर गंज आत शिरतो.

मिश्रण ओले असतानाच चार गोष्टी करावयाच्या. मध्यभागी तबकडीची उभी नळी बसविण्यासाठी स्टेनलेस स्टीलचा बोल्ट रोवावा. कडेजवळ सारख्या अंतरावर स्टेनलेस स्टीलच्या तीन कड्या रोवाव्या. दोन-तीन ठिकाणी तेल लावलेल्या नळीचे तुकडे उभे ठेवून आरपार भोके राखावी. शेवटी वरचा भाग पाणसळ लावून सपाट करावा. ही भोके व्यर्थ नाहीत. रुंद बूड गाळाला चिकटून बसते आणि ओढताना बुडाखाली पोकळी होऊन ते सुटत नाही. भोकांतून पाणी खाली शिरले, की ते सहज सुटते.

दुसऱ्या दिवशी साचा काढून बैठक निदान ७ दिवस सतत ओली ठेवावी. काँक्रीटची बहुतेक सर्व ताकद २८ दिवसांत येते. तोवर घाई करू नये.

यानंतरची पायरी पुष्कळ जण गाळतात. नव्या काँक्रीटमधून चुना पाझरतो. मोठ्या तलावात त्याचे काही वाटत नाही, पण लहान कुंडात पाणी खारट-तुरट होऊन त्याचा सामू वर चढतो व माशांना इजा होते. म्हणून बैठक पिंपातील पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवावी आणि पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. शेवटच्या पाण्यात सामू तपासण्याचा कागद बुडवून पहावा. आकडा ८॥ च्या आत आला म्हणजे बैठक तयार झाली असे समजावे.

८. सोडणे व काढणे

बैठकीला दोन स्वतंत्र दोर असावेत. पहिला तिन्ही कड्यांना, शिंकाळ्याप्रमाणे. त्याने बैठक सपाट खाली सोडावी. दुसरा एकाच कडीला. काढतेवेळी तो ओढला, की एक कड आधी उचलली जाते आणि गाळाची पकड सुटते. दोर नायलॉनचा किंवा पॉलिप्रॉपिलिनचा घ्यावा, सुंभाचा घेऊ नये, कारण सुंभ पाण्यात कुजतो. मोकळी टोके काठावरील लोखंडी कडीस बांधून ठेवावी. हवेच्या नळीला धरून बैठक कधीही सोडू नये व ओढू नये.

सोडतेवेळी पंप चालू ठेवावा, म्हणजे नळीत पाणी शिरत नाही आणि बुडबुडे सरळ उठतात की नाहीत ते लगेच दिसते. पंप नेहमी काठावर, पुराच्या पातळीच्या वर, छताखाली असावा, आणि त्याच्या तोंडाशी एकमार्गी झडप बसवावी. ३ मीटर खोलीवर पाण्याचाच दाब दर चौरस सेंटिमीटरला ०·३ किलो होतो. नळीचा व तबकडीचा अडथळा वेगळा. पंप घेताना हा आकडा दुकानदारास सांगावा. विजेची जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच यांत काटकसर करू नये.

९. पहिले आठ दिवस

बैठक बसली, तबकडी सपाट आहे, पंप उत्तम आहे. आता रात्रंदिवस चालवू या, असा मोह होतो. तो आवरावा. तळाचे प्राणवायूहीन व दुर्गंधी पाणी एकदम वर आणले, तर सगळ्या तळ्याचाच प्राणवायू घसरतो आणि ज्या माशांसाठी एवढा खटाटोप केला तेच मरतात. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक तास, तिसऱ्या दिवशी दोन तास, याप्रमाणे दुप्पट करीत जावे. आठवड्याभरात पाणी हळूहळू मिसळते. पुढे सर्व वेळ चालविणे परवडत नसेल, तर निदान मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत पंप चालू असावा. कारण प्राणवायूची चणचण त्याच वेळी असते.

१०. यंत्राची मर्यादा

यंत्राने सर्व साधेल असा समज मात्र करून घेऊ नये. एक किलो सुके सेंद्रिय द्रव्य, मग ती फुले असोत, पाने असोत वा पिठाचे गोळे असोत, पूर्ण कुजावयास सुमारे १ किलो २०० ग्रॅम प्राणवायू लागतो. ३० अंश उष्णतेच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू असतो, हे आपण पाहिलेच. म्हणजे एका किलो सुक्या निर्माल्याने १ लाख ६० हजार लिटर पाण्यातील सगळा प्राणवायू खाऊन टाकावा, असा हा हिशेब आहे. उत्सवाच्या एका दिवसात किती निर्माल्य पडते याचा ज्याने त्याने विचार करावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाबाबत २०१० साली मार्गदर्शक सूचना काढल्या व २०२० साली त्या सुधारल्या, त्यामागे हीच चिंता आहे. निर्माल्यासाठी काठावर वेगळे कुंड ठेवणे व त्याचे खत करणे हे कोणत्याही पंपापेक्षा स्वस्त आणि गुणकारी काम आहे.

उजळणी

तरुण सभासदांनी व विद्यार्थ्यांनी पुढील दोन उदाहरणे सोडवून पहावी.

पहिले. एका जोडणीची वरची ओढ २ किलो भरली. तिप्पट हिशेबाने काँक्रीटची बैठक काठावर किती किलोंची हवी? उत्तर : पाण्यातील वजन ६ किलो हवे, म्हणून काठावर सुमारे १० किलो ३०० ग्रॅम. त्याच कामासाठी काळा दगड घेतल्यास सुमारे ९ किलो २०० ग्रॅम पुरतो.

दुसरे. वर सांगितलेल्या मापाची ३० मीटर नळी तळाशी टाकावयाची आहे. तिची एकूण ओढ किती, आणि दर मीटरला पाव किलोचा एक काळा दगड बांधल्यास तो पुरेल काय? उत्तर : ओढ सुमारे साडेतीन किलो, दगडांचे पाण्यातील वजन सुमारे ४ किलो ९०० ग्रॅम, म्हणून पुरेल.

ज्या संस्थेच्या व्यवस्थेत तळे आहे तिने एक लहान वही ठेवावी. बैठक कधी टाकली, तिचे काठावरील व पाण्यातील वजन किती, दोर कोठे बांधले आहेत, तबकडी शेवटी कधी साफ केली, हे तीत लिहावे. विश्वस्त बदलतात, नोकर बदलतात, पण पाण्याखालची वस्तू जागच्या जागी राहते. पुढील मंडळास ती शोधावयासाठी कोणाला पाण्यात उतरवावे लागू नये, एवढी काळजी या वहीने घेतली जाईल. खर्च पाहता एक बैठक म्हणजे थोडे सिमेंट, घमेलेभर वाळूखडी आणि महिन्याभराचा धीर. यांपैकी दुर्मिळ काय असेल तर तो धीरच, आणि तो आपल्या संस्थांपाशी आहे याची साक्ष त्यांच्या वाढदिवसांचे आकडे देतातच.